हवा निघते कुठून?

बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. उन्हात दोन तास उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या टाकीला चुकून हात लागावा, तसं. मे महिन्यातली दुपार, अडीच वाजले असतील. कॉम्प्युटरचं एका बाजूचं पॅनल मी आदल्या रात्रीच स्क्रू काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं फोनवर सांगितलं होतं, "काकू, साइड पॅनल काढूनच ठेवा ना. उघडं राहिलं की आपोआप थंड राहील." पटण्यासारखंच होतं. ताप चढलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण आपण काढतो, डब्यात गरम भाजी भरली तर झाकण थोडा वेळ उघडं ठेवतो. प्रोसेसरचा आकडा उतरलाही, चांगला सहा अंशांनी. पण बंद कॅबिनेटमध्ये ५४ अंशांवर असलेली हार्ड डिस्क उघड्या कॅबिनेटमध्ये ५७ वर गेली. खोली तीच, दुपार तशीच, काम तेच. स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास बसेना म्हणून बोट लावून पाहिलं. मग पॅनल पुन्हा बसवलं, तासाभरानं पाहिलं, ५४. पुन्हा काढलं, ५७.

उघडं ठेवलं तर जास्त तापतं, हे त्या रात्री झोपेपर्यंत मनातून जाईना.

मी डीटीपीचं काम करते. अकोल्यात, घरातूनच, २००३ पासून. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि हे कॅबिनेट, ज्याला येणारा प्रत्येक ग्राहक 'सीपीयू' म्हणतो. त्यात दोन हार्ड डिस्क आहेत आणि त्या दोन डिस्कांमध्ये गावातली वीसेक वर्षं आहेत. वरती 'श्री गजानन प्रसन्न' आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असलेल्या पत्रिका, बारशाची कार्डं, तेरवीचे निरोप, पुण्यस्मरणाच्या काळ्या चौकटी, शाळांच्या स्मरणिका, बचत गटांची पासबुकं, कृषी केंद्रांची कॅलेंडरं. बरंचसं जुन्या पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. तो फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर त्या फाइलीत मराठी दिसतच नाही, नुसती चिन्हांची आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणजे मजकूर आणि तो वाचायची किल्ली, दोन्ही एकाच तापलेल्या धातूच्या डब्यात.

मोर्णा नदीचं पाणी घरांत शिरलं होतं त्या पावसाळ्यानंतर एक गृहस्थ आले होते. वडिलांच्या पुण्यस्मरणाची जाहिरात त्यांनी २००९ मध्ये माझ्याकडून करून घेतली होती. भिंतीवरचा फोटो भिजला, अल्बम चिकटून गेला, आणि कुणीतरी त्यांना आठवण करून दिली की तेव्हा फोटो स्कॅनला दिला होता. फाइल सापडायला चार-पाच मिनिटं लागली. फोटो स्क्रीनवर आला तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. काही बोलले नाहीत. मी ए-फोर कागदावर प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि ते गेल्यावर बराच वेळ टेबलाखालच्या त्या पेटीकडे बघत बसले. लोक आपल्या वस्तू माझ्याकडे ठेवून गेले आहेत आणि त्यांना ते माहीतही नाही. त्या दिवसापासून मला डिस्कचं तापमान बघायची सवय लागली. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडायचा, आकडा बघायचा, मग चहा.

खरं तर हार्ड डिस्क फार ऊर्जा खात नाही. सहा ते दहा वॉट, एखाद्या एलईडी दिव्याइतकी. प्रोसेसर तिच्या कितीतरी पट उष्णता काढतो, पण त्याच्या डोक्यावर स्वतःचा पंखा असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा मुकुट असतो. डिस्कला काहीच नाही. तिचं ओतीव धातूचं अंग हाच तिचा मुकुट, आणि त्या अंगावरून हवा गेली तरच उष्णता निघते. आत तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०, आणि वाचणारं टोक त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतं. तरंगतं ते हवेवरच. तबकडीच्या वेगानं तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेचा तो पातळ थर नसेल तर टोक तबकडीवर आपटेल. म्हणून साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी ते झाकू नका असं छापलेलं. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. हे कळल्यावर मला त्या भोकाबद्दल उगाच माया वाटू लागली. डिस्कही श्वास घेते म्हणायला हरकत नाही.

बाळापूर तालुक्यातलं आजीचं घर धाब्याचं होतं. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर मातीचंच छत, आणि पुढच्या दारातून पाहिलं तर माजघर ओलांडून मागच्या दारापलीकडचा गोठा दिसायचा, इतकी दारं एका रेषेत. उन्हाळ्यात आम्ही पोरं सुट्टीला जायचो तेव्हा दहा वाजले की आजी एकेक खिडकी लावत सुटायची. आम्हाला राग यायचा. एवढ्या उकाड्यात खिडक्या बंद? आम्ही हळूच एक उघडायचो आणि आतल्या अंधारातून तिचा आवाज यायचा, "दार लोट पोरी, गरम हवा अंदर येऊन राहिली." दिवसभर घर बंद, शेणानं सारवलेली जमीन गार, पाण्याच्या रांजणाशेजारी ओल्या वाळूचा वास. दिवेलागणीनंतर ऊन पुरतं निवलं की आजी आधी मागचं दार उघडायची, मग पुढचं. मधल्या खिडक्यांना ती तेव्हाही हात लावायची नाही. त्या दोन दारांमध्ये चटई टाकून झोपलं की पायांपासून डोक्यापर्यंत अंगावरून काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटायचं. एकदा चुलतभावानं मधली खिडकी उघडली, आणि माजघरातली झुळूक थांबली. त्याच्या अंगाला खिडकीतून वारा लागत होता, आम्हाला काही नाही. आजीनं काही न बोलता उठून ती लावून घेतली होती.

हे आठवलं रात्री दीडच्या सुमाराला, अंथरुणात. उठून बसले.

सकाळी देवासमोरची उदबत्ती लावतानाच जास्तीची एक घेतली आणि कॅबिनेटपाशी जमिनीवर बसले. पॅनल बंद, मशीन चालू. उदबत्ती पुढच्या बाजूला तळाशी धरली, तिथे बोटभर रुंदीची एक फट आहे. धूर जेमतेम वाकला. बाकी सगळी पुढची बाजू म्हणजे चकचकीत प्लास्टिक, एकही भोक नाही. मग मागे गेले. मागच्या पंख्यासमोर धूर बाहेर फेकला जात होता, ते ठीक. पण पंख्याच्या अगदी खाली, पूर्वी एक कार्ड काढलं होतं तिथली पट्टी परत बसवायची राहिली होती, आणि त्या उघड्या खाचेतून धूर सपकन आत खेचला जात होता. आत जाऊन वळून वरच्या पंख्यातून पुन्हा बाहेर. वीतभर अंतरातली ये-जा. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता, आवाज करत होता, आणि मागच्या दारातून घेतलेली हवा मागच्याच दारातून टाकत होता. पुढच्या कोपऱ्यात, एकावर एक चिकटून बसवलेल्या दोन डिस्कांकडे त्यातलं काहीच जात नव्हतं.

पॅनल काढलं आणि पुन्हा उदबत्ती धरली. आता तर पुढच्या फटीपाशी धूर सरळ उभा. पंख्याला शेजारीच एवढं मोठं दार मिळाल्यावर त्यानं पुढून का ओढावं? बंद असताना त्या बोटभर फटीतून जी थोडीफार हवा डिस्कांना घासून जात होती, तीही मी पॅनल काढून थांबवली होती. तीन अंशांचा हिशेब तिथे लागला. उष्ण हवा वर जाते म्हणून वरून उघडं ठेवा, असंही मला एकदोघांनी सांगितलं होतं. चुलीच्या धुराला ते लागू आहे. पेटीत मात्र साधा पंखासुद्धा त्या वर चढण्याच्या ओढीपेक्षा कितीतरी जोरकस असतो. हवा उष्णतेचं ऐकत नाही, पंख्याचं ऐकते, आणि पंख्याला जवळची वाट दिली की ती तिथूनच येते.

पहिलं काम फुकटात झालं. उरलेल्या जाड पत्रिका-कार्डाची पट्टी कापली आणि मागची खाच चिकटपट्टी लावून बंद केली. मग सफाई. आमच्या भागातली धूळ वेगळी असते. जिनिंगचा हंगाम संपून दोन महिने झाले तरी कापसाची तूस घरात कुठे ना कुठे उडत राहते, आणि तिच्यात कूलरच्या ताटीचे बारीक तुकडे मिसळतात. पुढचं प्लास्टिक ओढून काढलं तर फटीच्या आतल्या बाजूला राखाडी नमद्यासारखा थर होता, नखानं उचलला तर अख्खा निघाला. ब्रशनं झाडलं, पंख्याची पाती बोटानं धरून पुसली. ब्लोअर मारताना पाती धरून ठेवायची, नाहीतर ती भन्नाट वेगानं फिरून बेअरिंग जातं, हे अनुभवातून शिकलेलं. वायरींचा गुंता टायनं बांधून मागे दडपला. डिस्क एकमेकींना चिकटून होत्या, त्यातली खालची एक घर सोडून खाली सरकवली. संध्याकाळी आकडा ५१.

पण पुढचं तोंड बंदच होतं. तिथे पंखा लावायचा तर आधी भोक हवं. नवीन कॅबिनेट घेता आलं असतं, पण ते परवडणं-न परवडणं बाजूला ठेवलं तरी मला हेच नीट करायचं होतं. पुढचं प्लास्टिक आणि त्यामागचा पत्रा पिशवीत घालून मी कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्याच्या दुकानात गेले. मेमध्ये त्याला बोलायला फुरसत नसते, रस्त्यावरच पत्र्याच्या पेट्यांची रांग, कटरच्या ठिणग्या, पत्रा ठोकल्याचा आवाज. मी १२० मिलिमीटरचा पंखा दाखवला, एवढं गोल कापून द्या म्हटलं. त्यानं विचारलं कशासाठी. मी सांगायला लागले, डिस्क, तापमान, प्रोसेसर. त्यानं ते अर्धवट ऐकून पंखा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, पहिले हे सांगा, हवा निघते कुठून?" मागे पंखा आहे म्हटल्यावर मान डोलावली. "मंग बरोबर. खिडकी बंद असली तं कूलर काय करीन? लोकं येतात, म्हणतात कूलर थंडा करत नाही. मी म्हणतो, समोरचं दार उघडा आधी." वीस मिनिटांत त्यानं पत्रा कापला, काठ कानशीनं घासून दिला, आणि प्लास्टिकच्या पुढच्या भागाला तेवढंच भोक पाडलं. पंख्याची उलटसुलट बाजूही त्यानंच न विचारता सांगितली, ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या चार काड्या असतात तिकडून हवा निघते. मी हे वाचून गेले होते. तो बघून सांगत होता.

भोकावर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून लावली. ओढणीचा तुकडा लावून पाहिला होता, पण त्यातून पंख्याला ओढायला जड जातं, वारा निम्मा होतो. कॅबिनेट जमिनीवरून उचलून पाटावर ठेवलं, म्हणजे झाडताना उडणारी धूळ थेट तोंडात जायला नको. पुढचा पंखा मागच्यापेक्षा थोडा मोठा, म्हणजे आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त. तसं असलं की फटींमधून हवा बाहेर ढकलली जाते, आत शिरत नाही, आणि धूळ जाळीवरच अडकते. पुन्हा उदबत्ती. पुढच्या जाळीसमोर धूर आडवा झाला आणि सरळ आत गेला. बाजूच्या फटींपाशी नेला तर दूर सारला गेला. तासाभरानं खोली ३६ आणि डिस्क ४४.

मी हे आकडे रद्द झालेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होते. लिहिता लिहिता लक्षात आलं की डिस्कचा आकडा एकटा लिहून उपयोग नाही, शेजारी खोलीचाही लिहायला हवा. कूलर बंद असला की दुपारी आमची खोलीच ३८-३९ वर असते. डिस्क चाळिशीच्या आत ठेवा असा सल्ला वाचला की मला प्रश्न पडतो, तेवढी गार हवा आणायची कुठून? पंखा फक्त खोलीची हवा आणून देऊ शकतो, खोलीपेक्षा गार काही त्याच्याकडे नसतं. म्हणून मी आता फरक बघते. आधी डिस्क खोलीपेक्षा १८-२१ अंशांनी जास्त असायची, आता आठनं. तो आठही कमी होईल का म्हणून पंख्याचा वेग वाढवून पाहिला. आवाज दुप्पट झाला, एक अंश उतरला. अजिबात हवा नसण्यात आणि थोडी असण्यात खूप अंतर आहे, थोडीत आणि खूपमध्ये फार नाही. वेग परत कमी केला.

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट वाचनात आली आणि मी जरा गप्प झाले. गूगलनं २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तापमान आणि डिस्क बिघडणं यांचं नातं सगळे समजत होते तेवढं घट्ट निघालं नाही. उलट गार डिस्कच जास्त बिघडलेल्या दिसल्या. उष्णतेचा उपद्रव दिसला तो फार वरच्या आकड्यांना, आणि तीन वर्षं उलटलेल्या डिस्कांमध्ये. आणखी एक गोष्ट होती, ती जास्त लागली. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, आणि बिघडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी तापमान सोडलं तर त्या नोंदींत कुठलाही इशारा दिला नव्हता. सगळं निळं, सगळं ठीक, आणि एका सकाळी नाही. माझी जुनी डिस्क तीन वर्षं कधीच ओलांडून गेली आहे आणि ५७ हा वरचाच आकडा, बनवणारे ६० पर्यंतच चालेल म्हणतात. म्हणजे मी केलं ते वाया नाही. पण पुढचा पंखा फिरतोय म्हणून त्या गृहस्थांचे वडील सुरक्षित आहेत, असं म्हणायची सोय त्या अभ्यासानं ठेवली नाही.

म्हणून त्याच आठवड्यात सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. ती कॉपी रात्रभर चालली, आणि पहाटे पाहिलं तर प्लास्टिकच्या बंद डबीतली ती डिस्क आतल्या दोघींपेक्षा जास्त तापलेली. तिला तर फटही नाही. उभी करून टेबलफॅनसमोर ठेवली. आता ती वाशीमला भावाच्या कपाटात असते, फॉन्टांच्या फोल्डरसकट, आणि तीन महिन्यांनी एकदा येते.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. हे सगळं करूनही मेच्या शेवटी दुपारचा कूलर लागतोच, माझ्यासाठी लागतो आणि आता मशीनसाठीही लागतो. आमच्याकडे पाणी काटेपूर्णा धरणाचं, आणि उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. कूलरच्या टाकीत बादली ओतताना समोरच्या घरातली म्हातारी पाण्याची गुंडं भरून ठेवलेल्या ओट्यावर बसलेली दिसते. तिच्या घरी कूलर नाही. फायलींसाठी पाणी ओततेय असं मनात म्हणून पाहिलं, ते काही मनाला लागलं नाही. मी दुपारचं काम पहाटेवर नेलं. साडेचारला उठते, खिडक्या उघड्या, खोली २९-३० वर, डिस्क ३८. नऊ वाजता खिडक्या लावून घेते. मशीन अकरापर्यंत बंद होतं आणि कूलर दीड तास उशिरा सुरू होतो. दोन बादल्या वाचतात. त्या वाचल्याचं समाधान किती खरं आणि किती माझं मीच करून घेतलेलं, ते नीट सांगता येत नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला त्या दिवशी पुतण्या सुट्टीला आला. बॅग ठेवली, पाणी प्यायला आणि पुढच्या खोलीत येऊन म्हणाला, "काकू, पॅनल परत लावलं?" स्क्रूला हात घालणारच होता. मी त्याला म्हटलं, काढू नको, आधी मागे हात धर. तो टेबलाखाली वाकला, भिंत आणि कॅबिनेट यांच्या मधे हात घातला आणि तसाच थोडा वेळ राहिला.

"गरम हवा येतेय," तो म्हणाला, "चांगली जोरात येतेय."

मीही खाली बसले आणि त्याच्या हाताशेजारी हात धरला.